डिस्पर्स डायची जलचरांवर चाचणी: शुद्ध रंगाची की बाजारातल्या पावडरीची?

तळगाळ:
पॉलिएस्टरच्या डिस्पर्स (पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या) रंगांच्या सुरक्षा-पत्रकावर ‘डॅफ्निया, ४८ तास, ईसी५० > १०० मिग्रॅ/लि.’ असं सर्रास दिसतं; म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम घालूनही ४८ तासांत निम्म्या डॅफ्निया (पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव) निश्चल झाल्या नाहीत. या आकड्याला काडीचा अर्थ नाही. डिस्पर्स ब्लू ७९ लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. १०० घातले की जवळजवळ सगळा तळाशी नाहीतर काचेला. चाचणी शुद्ध रंगाची, विरघळेल तेवढ्यावर, आणि निकाल मोजलेल्या प्रमाणावर द्यावा.

जेट_मास्तर:
साफ अमान्य. शुद्ध रंग नाल्यात सोडतो कोण? सुरतेतल्या प्रोसेस हाउसमध्ये येते ती पावडर, त्यात डिस्पर्संट, म्हणजे कण पाण्यात पसरवून ठेवणारं लिग्नोसल्फोनेट किंवा नॅप्थलीन सल्फोनेटचं कंडेन्सेट, बऱ्याचदा रंगाइतकंच असतं. १३० अंशांची रंगाई संपली की न चढलेला रंग बारीक कण होऊन रंगाईच्या पाण्याबरोबर ड्रेन होतो. डॅफ्निया पाणी गाळून खाते, कण थेट पोटात. तुमच्या नितळ द्रावणात हे दिसणार कुठून?

तळगाळ:
मग डॅफ्नियाची पिल्लं मेली ती रंगाने, डिस्पर्संटने, की कण शृंगिकांना चिकटून पोहता येईना म्हणून? नुसत्या डिस्पर्संटचं वेगळं कंट्रोल लावल्याशिवाय पावडरीचा निकाल मला दाखवू नका.

जेट_मास्तर:
कंट्रोल लावा की, कोण नको म्हणतंय! पण तुमचं ‘विरघळलेलं’ तरी खरंच विरघळलेलं असतं का? दळलेले कण एक मायक्रॉनच्या आतले. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून बरेच पार होतात, आणि विरघळलेला रंग उलट फिल्टरलाच चिकटतो. गाळलेल्या पाण्यातून लेझर पॉइंटर मारा. किरणाची रेघ दिसली तर कण आहेत.

तळगाळ:
म्हणूनच फिल्टर आधी त्याच द्रावणाने भिजवून पहिला भाग फेकायचा, किंवा १० ते ४० हजार जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोरावर) निदान अर्धा तास सेंट्रिफ्यूज. रंग आधी डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून घालायचा तर लिटरला ०.१ मिली ही कमाल, सोबत सॉल्व्हंट कंट्रोल. पाण्यात पडताच स्फटिक झाले की तो मार्ग बंद. प्रमाण एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने), सुरुवातीला आणि ४८ तासांनी मोजायचं. नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला कण आणि द्रावण यांतला फरक कळत नाही.

हिरवा_थर:
दोघेही शैवाल विसरलात. ७२ तासांच्या चाचणीत गडद रंग प्रकाशच अडवतो, वाढ खुंटते आणि खापर विषारीपणावर फुटतं. दोन भांडी एकावर एक ठेवा: वर रंगीत पाणी, खाली स्वच्छ पाण्यातलं शैवाल. तिथेही वाढ तेवढीच घटली तर ती सावलीची करामत. बाजूने येणारा उजेड मात्र काळ्या कागदाने बंद करा, नाहीतर तुलना फुकट. पेशी मोजायच्या सूक्ष्मदर्शकाखाली. शोषणमापन (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणं) इथे फसवतं.

जेट_मास्तर:
सावली नदीतही पडतेच, तो परिणाम धरायचा नाही का?

हिरवा_थर:
धरा, पण वेगळ्या रकान्यात. ईसी५० मध्ये मिसळू नका.

तळगाळ:
आणि कणांची एवढी काळजी असेल तर ४८ तासांच्या पाण्यावर अडून बसू नका. ते गाळात बसतात, तिथे ऑक्सिजन नसताना रंगाच्या रेणूतले आझो (दोन नायट्रोजनमधले) बंध तुटून ॲरोमॅटिक अमाइन सुटतात. गाळात रंग मिसळून कायरोनोमसच्या (डासासारख्या माशीच्या, गाळात राहणाऱ्या) अळ्यांवर २८ दिवसांची चाचणी लावा, पावडरीचीच लावा. तिथे माझी हरकत नाही.