बागेच्या भिंतीवर दगडी बांधकामासारखं सिरॅमिक पॅनेल करायचंय, सल्ला हवा

मातीवेडी_सिन्नर
गोंदेश्वराचं देऊळ आमच्या गावातच. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले ते काळे दगड पाहून बागेतल्या भिंतीवर तसंच सहा बाय तीन फुटांचं पॅनेल करावंसं वाटतंय. तुकडे मी स्वतः घडवणार आणि बाहेरून भाजून आणणार. बजेट पंधरा हजार, त्यावर जाणार नाही. माती कुठली घ्यावी? सांधे तितके घट्ट बसतील का?

शेतघर_मुळशी
टेराकोटाच्या वाटेला जाऊ नका. आम्ही स्टोनवेअरचं म्युरल करून घेतलं, ऐंशी हजार गेले, पण आजही नवं दिसतं. १२०० अंशांच्या वर भाजलेलं असतं, पाणी पीत नाही. पाहुणे आधी त्याच्यासमोर फोटो काढतात, मग घरात येतात.

कोकणी_माणूस
ऐंशी हजार! ताईंनी पंधरा म्हटलंय ना?
तरी माझं ऐका, भिंतीवर चिकटवायचं तयार क्लॅडिंग लावा. आमच्याकडे एकाने हाताने केलेल्या टाइल्स बसवून दिल्या, दुसऱ्या पावसाळ्यात मागे पाणी शिरून निम्म्या सुटल्या. फोन केला तर उचलत नाही.

भट्टीवाला
पाणी वरून शिरतं. भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेली पट्टी द्या, अर्धा त्रास तिथेच संपतो.
आता सांधे. दगड जसा घडवाल तसाच राहतो. माती वाळताना आणि भाजताना आकसते. ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारा आणि भाजल्यावर मोजा. ९ उरली तर आकसणं १० टक्के, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी साचा ३३.३ चा कापायचा. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळा, आकसणं आणि वाकणं दोन्ही कमी होतं. जाड तुकडे मागून कोरून पोकळ करा आणि सावकाश वाळवा. आत ओल राहिली तर भट्टीत फुटतात. एवढं करूनही ४-५ मिलिमीटर फट ठेवावीच लागते.

इतिहासप्रेमी_ठाणे
गोंदेश्वराला हेमाडपंती म्हणतात, पण हेमाद्री १३व्या शतकातला, यादवांचा मंत्री. त्याच पद्धतीच्या अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. तेव्हा हेमाद्री जन्मलाही नव्हता.

कोकणी_माणूस
नावावरून काय फरक पडतो? पद्धत तीच ना?

इतिहासप्रेमी_ठाणे
फरक पडतो. ज्यांनी दगड घडवले त्यांचं श्रेय दोनशे वर्षांनंतरच्या मंत्र्याला का?

पेरू_फिरून_आले
फटीचं वाईट वाटून घेऊ नका. पेरू देशातल्या कुस्को शहरात हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड आहे, इंका काळातल्या भिंतीत. सांध्यात काही शिरत नाही हे सगळेच सांगतात, पण नीट पाहा: प्रत्येक दगड मध्ये फुगीर आणि कडेला आत दबलेला. त्यामुळे सांध्यावर सावली पडते आणि भिंत जिवंत वाटते. तुम्हीही ओल्या तुकड्याच्या कडा अंगठ्याने दाबून गोल करा. फट सावलीत दडेल.

भट्टीवाला
हे उत्तम. सांधा भरताना गडद ग्राउट घ्या, पांढरा नको.

गृहिणी_नागपूर
माती आकसते, तेव्हा साचा मोठा कापा. आणि टेराकोटाला लोणा येतो, आमच्या कुंड्या पाहा.

शेतघर_मुळशी
म्हणूनच म्हणतोय, स्टोनवेअर. थोडे पैसे वाढवा.

मातीवेडी_सिन्नर
सगळ्यांचे आभार. टेराकोटाच करतेय. गावच्या कुंभारकाकांच्या भट्टीत भाजून मिळणार आहे, स्टोनवेअर पंधरा हजारांत बसत नाही. शेवाळ आलं तर येऊ दे, देवळाच्या दगडांवरही येतं आणि मला ते आवडतं. कडा दाबणं, माथ्यावर पट्टी आणि ४ मिलिमीटरची फट मात्र नक्की. उद्या आकसणं मोजायची पट्टी वाळत घालते.

कोकणी_माणूस
दोन पावसाळ्यांनी इथे फोटो टाका.