ब्राउझर झूम करतोय ना? मग डिझायनरनं वेगळं कशाला मरायचं?

उद्यमनगरी: शाहूपुरीतल्या एका चपलांच्या दुकानाची साइट करतोय. टेस्टिंगवाला म्हणतोय, झूमसाठी सगळं पिक्सेलमधून रेममध्ये आण, म्हणजे ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या आकारावर ठरणाऱ्या मापात. कशाला राव? इंटरनेट एक्सप्लोरर ७ पासून, म्हणजे २००६ पासून, कंट्रोल-प्लस दाबलं की अक्षरं, फोटो, बटणं सगळंच मोठं होतंय. या जादा कामाचे पैसे मालक देणार नाही.

मंगळवारपेठ_फ्रंटएंड: भावा, पान नुसतं फुगत नाही. १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम कर, पानाला रुंदी मिळते ३२०. मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदी बघून मांडणी बदलणारा कोड, समजते मोबाइल आला, आणि डेस्कटॉपवरच्या माणसाला तीन रेघांचा मेनू दिसतो. ते चालेल एकवेळ, पण उंची ७२० ची १८० होते. तुझा वर चिकटलेला ८० चा हेडर त्यातला जवळपास निम्मा पडदा खातोय. चप्पल बघायची कुठं?

उद्यमनगरी: ४०० टक्के कोण करतंय? आणि फोनवर दोन बोटांनी ताणलं की झालं.

शाई_आणि_पडदा: बोटांनी ताणल्यावर मांडणी हलतच नाही, तुकडा तेवढा जवळ येतो. परतावा-बदलीचे नियम वाचायचे तर प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडं ढकलत बसायचं. तरी ती सोय ठेवा. काही जण व्ह्यूपोर्ट टॅगात, म्हणजे फोनवर पान कसं बसावं ते सांगणाऱ्या कोडच्या ओळीत, तीही बंद करतात. आयफोनची सफारी २०१६ पासून, आयओएस १० पासून, ती बंदी जुमानत नाही, पण अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वेगळी सेटिंग चालू नसेल तर गिऱ्हाईक अडकलंच.

उद्यमनगरी: म्हणजे पानाचा झूम आणि बोटांचा झूम. दोन्हीत पिक्सेल चालतात. माझं म्हणणं तिथंच आहे.

मंगळवारपेठ_फ्रंटएंड: तिसरा राहिला की. क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवून ठेवणारी माणसं आहेत. तिथं रेममधला मजकूर वाढतो, पिक्सेलमधला ढिम्म. फायरफॉक्समध्ये ‘फक्त मजकूर झूम’ लावला तर उलट, पिक्सेलमधली अक्षरंही वाढतात, पण खोका तेवढाच राहतो.

शाई_आणि_पडदा: आणि मराठीला हेच बाधतं. ४० पिक्सेल उंचीचं बटण, बाहेर येईल ते झाकायचं असं लिहिलेलं, आत ‘खरेदी पूर्ण करा’. अक्षर दुप्पट झालं की मजकूर दोन ओळींत जातो, ‘करा’ खाली दडपतो. ‘पूर्ण’वरचा रफार आणि दुसरा ऊकार आधी छाटले जातात. इंग्रजीत टेस्ट करून पास म्हणणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

रंकाळा_यूआय: मी उद्यमनगरीच्या बाजूनं. सगळं रेममध्ये केलं की अंतरं, कडासुद्धा फुगतात आणि छोट्या फोनवर मजकुराला जागाच उरत नाही. अक्षरं रेममध्ये, बाजूची मोकळी जागा पिक्सेलमध्ये, बास. खरा घोळ व्हीडब्ल्यूचा, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या टक्क्यात दिलेल्या मापाचा. मथळ्याचा आकार नुसता व्हीडब्ल्यूत दिला की कंट्रोल-प्लस कितीही दाबा, मथळा जागचा हलत नाही, कारण झूमनं खिडकीची रुंदी तेवढीच आकसते. त्यात थोडं रेम मिसळावंच लागतं.

उद्यमनगरी: बाजूनं बोलून मलाच काम लावलंस की! मथळे व्हीडब्ल्यूतच आहेत. पण पैशाचं काय?

मंगळवारपेठ_फ्रंटएंड: डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता यावा म्हणतं, तेवढं कोटेशनमध्येच लिहीत जा. आणि बटणाला ठरीव ‘हाइट’च्या जागी ‘मिन-हाइट’, म्हणजे किमान उंची, लिहायला मालकाला विचारायला नको. मी साइझचा तक्ता बघितला, मजकूर मोठा केला की आठ नंबरचा रकाना पडद्याबाहेर जातोय. आधी ते बघ.