कमी खाऊनही वजन थांबले आहे. आता खाणे वाढवायचे का?

फळा_आणि_ओटा:

नमस्कार. माझे वय ४१, उंची १५६ सेंटिमीटर. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि घरचा स्वयंपाकही मीच करते. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आधल्या आठवड्यात माझे वजन ७७ किलो भरले, आणि त्याच दिवसापासून मी खाणे मोजू लागले. मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये दिवसाला ९०० कॅलरींची मर्यादा मीच ठरवली. ती कोणा डॉक्टरांनी दिलेली नव्हती. सकाळी बिनसाखरेचा चहा, डब्यात ज्वारीची एक भाकरी आणि पालेभाजी, चार वाजता एखादे फळ आणि रात्री वाटीभर मुगाचे कढण, एवढाच माझा आहार आहे. गुरुवारचा उपवास आणि संकष्टी पूर्वीपासून करते, त्या तशाच चालू ठेवल्या आहेत.

पहिल्या सात आठवड्यांत सहा किलो उतरले, तेव्हा फार आनंद झाला. त्यानंतरचे चार आठवडे मात्र काटा ७१ वरून हललेला नाही. विंचरताना केसांचा गुंता हातात येतो. श्रावणातल्या दमट दुपारीसुद्धा मी वर्गातला पंखा बंद करायला सांगते, कारण मला गार वाजते. पाळी तीन आठवडे लांबली आहे. मुलाने वही हरवली एवढ्याशा कारणावरून मी त्याच्यावर इतकी ओरडले की नंतर मलाच रडू आले. आणि जे कोणालाही सांगितलेले नाही ते येथे लिहिते : आठवड्यातून तीन-चार रात्री, सगळे झोपल्यावर, मी ओट्यापाशी उभी राहून चिक्कीच्या डब्यातून तुकडे खाते, आणि ते अ‍ॅपमध्ये लिहीत नाही.

अ‍ॅप आता मला १४५० कॅलरी खायला सांगते. कमी खाऊन जे उतरत नाही ते जास्त खाऊन कसे उतरेल, हे मला समजत नाही, आणि खरे सांगायचे तर खाणे वाढवण्याची मला भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_अध्यापिका:

ताई, तुम्ही चिक्कीचे लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या डब्यात आहे. मी महाविद्यालयात अनेक वर्षे आहारशास्त्र शिकवले असल्यामुळे आधी थोडे गणित मांडते.

मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र १९९० पासून वापरात आहे. स्त्रियांसाठी किलोतील वजनाला १० ने, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट आणि वर १६१ वजा करायचे. तुमच्या आकड्यांवरून उत्तर सुमारे १३२० येते. दिवसभर अंथरुणात निजून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि श्वास चालू ठेवायला शरीराला साधारण एवढ्या कॅलरी लागतात. तुम्ही तर पाच-सहा तास उभ्या राहून शिकवता, जिने चढता, घरी येऊन चार माणसांचा स्वयंपाक करता. म्हणजे तुमचा रोजचा खर्च १८५० च्या आसपास असणार. ९०० ही मर्यादा या खर्चाच्या निम्म्यावर येते. वजन उतरवण्यासाठी तूट हवीच, पण ती तीनशे ते पाचशेची असली तर शरीर आणि मन दोन्ही ती सोसतात. १८५० मधून ४०० वजा केले की अ‍ॅपने सांगितलेला १४५० हाच आकडा येतो.

एवढी मोठी तूट महिनोन्‌महिने चालली की काय होते, याचा एक जुना आणि अतिशय बारकाईने नोंदवलेला प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालावे लागे. त्या तरुणांना उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, केस गळू लागले, चिडचिड आणि उदासी वाढली, ते ताटे चाटून पुसू लागले आणि पाककृतींची पुस्तके जमवू लागले. तुमचे पत्र वाचताना मला तो प्रयोग पुनःपुन्हा आठवत होता. तुम्ही मुलावर ओरडलात, रात्री ओट्यापाशी गेलात, यात तुमच्या स्वभावाचा किंवा निश्चयाचा दोष नाही. भुकेल्या शरीराचे वागणेच तसे असते.

त्या ९०० कॅलरींत प्रथिने किती आहेत, हाही प्रश्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. म्हणजे तुम्हाला रोज सुमारे ५९ ग्रॅम हवीत. वजन उतरत असताना स्नायू झिजू नयेत म्हणून मी ६५ पर्यंत जायला सांगेन. एक भाकरी आणि वाटीभर कढण यांतून पंधरा ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. शाकाहारी स्वयंपाकात ६५ गाठणे अशक्य नाही : प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून १२, वाटीभर घट्ट वरणातून ७, मोड आलेल्या मटकीच्या उसळीतून ७, पेलाभर दुधातून ८, मोठी वाटी दह्यातून ७, ५० ग्रॅम पनीरमधून ९ आणि ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १५. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात आणि सोयाबीन एक दिवसाआड केले तरी भागते. भाज्या, एक फळ आणि मोजलेले तेल धरून हे सगळे १४५० मध्ये बसते.

एक गोष्ट मात्र आहार बदलण्याच्याही आधी करा. तीन आठवडे लांबलेली पाळी आणि गळणारे केस घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्या. अचानक कमी खाल्ल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे ओळखीचे आहे, परंतु सगळे आहारावर ढकलून मोकळे होऊ नये.

सह्याद्री_पायवाट:

अध्यापिकाबाईंच्या गणितात मला भर घालता येणार नाही. घाई केल्यावर माझ्या बाबतीत काय झाले, तेवढे सांगतो, कारण ते सहसा कोणी सांगत नाही.

माझे वजन ११८ किलो होते. आमच्या भागातील एका वजन-नियंत्रण केंद्राने मला दिवसातून दोनदा पावडर पाण्यात कालवून प्यायला आणि रात्री सॅलड खायला सांगितले. दहा आठवड्यांत १७ किलो उतरले आणि कार्यालयात माझे कौतुक झाले. अकराव्या आठवड्यात पुतण्याच्या लग्नात दोन जिलब्या आणि मठ्ठा घेतला, आणि पहाटे तीन वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मला नीट श्वास घेता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. वजन झपाट्याने उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि जेवणात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावून नीट रिकामे होत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात, असे शल्यविशारदांनी मला समजावून सांगितले. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. केंद्रातल्या कोणीही तो आधी सांगितला नव्हता, याचा मला आजही राग आहे. पित्ताशय काढावे लागले आणि घरी बसलेल्या दोन महिन्यांत नऊ किलो परत आले.

त्यानंतर मी दिवसाला दोन हजार कॅलरी खाऊन पावणेदोन वर्षांत २२ किलो उतरवले. या वेळी कोणाच्या ते लक्षातही आले नाही, पण ते वजन आजतागायत परत आलेले नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर खाणे कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. गोळी तीच ठेवून जेवण अर्धे केले की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. माझे मोठे भाऊ असेच रिक्षात बेशुद्ध पडले होते.

मापात_माप:

अध्यापिकाबाईंशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक गैरसमज येथे पक्का होऊ नये असे वाटते. ‘कमी खाल्ले की शरीर चरबी साठवू लागते’ हे वाक्य सर्वत्र फिरते आणि ते खरे नाही. मिनेसोटाच्या त्या तरुणांचे जवळजवळ पाव वजन गेले होते. उपासमारीत कोणाची चरबी वाढली नाही. त्यांचा विश्रांतीचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला हे खरे, पण त्यातला मोठा वाटा शरीरच लहान झाल्याचा होता.

मग ताईंचा काटा चार आठवडे का थांबला? माझ्या मते त्या दिवसा ९०० खातात, पण आठवड्याची सरासरी ९०० नाही. शंभर ग्रॅम चिक्कीत पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचे कूट किती पडते, हे अ‍ॅपला कळत नाही. शिवाय फोडणीचे तेल आपण कोणीच मोजत नाही. आमच्या घरी मी एकदा साधा हिशेब केला : चार माणसांना महिन्याला चार लिटर तेल लागत होते, म्हणजे माणशी एक लिटर, म्हणजे रोज सुमारे ३० ग्रॅम. ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्या तर केवळ तेलातून माणशी २७० कॅलरी रोज जात होत्या, आणि वहीत मात्र भाजीपुढे ‘एक वाटी, ६०’ असे लिहिलेले असे. आता मी पळी सोडून चहाच्या चमच्याने तेल घालते. एका चमच्यात ४० ते ४५ कॅलरी असतात.

हे मी ताईंना दोष देण्यासाठी लिहीत नाही, आणि त्यांनी आणखी काटकसर करावी असे तर मुळीच सुचवत नाही. दिवसा पोट रिकामे राहिले म्हणून रात्री चिक्की खाल्ली गेली. दिवसाचे जेवण पुरेसे झाले, त्यात चिक्कीचा एक तुकडासुद्धा उघडपणे चार वाजता बसवला, तर बेरीज कदाचित आजच्याइतकीच होईल किंवा कमीच, पण केस, झोप आणि मूल यांवर त्याची किंमत पडणार नाही.

आणखी एक सूचना आधीच देऊन ठेवते. खाणे वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात वजन एक-दीड किलोने वाढेल. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, परत भरते आणि ते स्वतःच्या तिप्पट पाणी धरून ठेवते; पहिल्या आठवड्यांत तुमचे जे वजन भराभर उतरले त्यातही हे पाणी बरेच होते. काटा वर गेलेला पाहून पुन्हा ९०० वर जाऊ नका. तीन आठवडे रोज सकाळी वजन लिहा आणि आठवड्याच्या सरासरीकडे पाहा.

फळा_आणि_ओटा:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तेल मोजून पाहिले : आमच्याकडे माणशी ३४ ग्रॅम निघाले. उपवासाचे काय करावे, हे मात्र विचारायचे राहिले. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या पुढे असतो. दिवसभर चहावर काढून रात्री एकदम जेवले जाते. उपवास सोडण्याची माझी इच्छा नाही, कारण तो मी आईबरोबर लहानपणापासून करत आले आहे.

जुनी_अध्यापिका:

सोडायचे काहीच कारण नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, त्यात प्रथिने नसल्यातच जमा आहेत. म्हणून त्याऐवजी दुपारी भगर आणि दाण्याची आमटी घ्या, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही. मधल्या वेळी दूध आणि उकडलेले रताळे घेतले तर चंद्रोदयापर्यंत डोके दुखत नाही, आणि नैवेद्य दाखवल्यावर दोन मोदक शांतपणे खाऊन उठता येते. ते मोदकही १४५० मध्येच धरा.

फळा_आणि_ओटा:

आज चोवीस दिवस झाले, म्हणून कळवते. पहिल्या आठवड्यात वजन १ किलो ३०० ग्रॅमने वाढले. ‘मापात_माप’ यांनी आधी सांगितले नसते तर मी त्याच दिवशी जेवण बंद केले असते. कालची आठवड्याची सरासरी ७०.६ आहे. रात्री ओट्यापाशी दोनदाच गेले, आणि दोन्ही वेळा ते वहीत लिहिले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. थायरॉइड ठीक आहे, पाळी गेल्या आठवड्यात आली, परंतु हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली तर चालेल का?

जुनी_अध्यापिका:

चहाबरोबर घेऊ नका, त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, आणि पोटात मळमळले तर डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर ती दिवसाच्या दुसऱ्या वेळी ठेवा. हिमोग्लोबिन बारापर्यंत येईतो १४५० च्या खाली जाऊ नका, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर आकडा येथे लिहा.