विल्यम शँक्स यांचे ७०७ अंक: ताळा पाहूनही चूक कशी राहिली?

अनुस्वार
इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम काउंटीतील हॉटन-ले-स्प्रिंग या गावी विल्यम शँक्स (१८१२–१८८२) हे गृहस्थ निवासी शाळा चालवत आणि उरलेल्या वेळात पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) दशांश स्थळे काढत. १८५३ साली ते ६०७ स्थळांपर्यंत पोहोचले आणि १८७३ साली ७०७ पर्यंत. सकाळी नवे अंक काढायचे आणि दुपारी त्यांचाच ताळा पाहायचा, असा त्यांचा शिरस्ता होता असे सांगतात. तरीही ५२८व्या स्थळापासून पुढचे अंक चुकलेले आहेत, हे त्यांच्या मृत्यूनंतर साठाहून अधिक वर्षांनी कळले. रोज ताळा पाहणाऱ्या माणसाच्या हातून हे कसे निसटले, आणि ही चूक वजा केली तर त्यांच्या नावावर काय उरते, हे जाणकारांनी सांगावे.

दशांश
पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या रीतीतच आहे. शँक्स यांनी जॉन मॅचिन यांचे १७०६ सालचे सूत्र वापरले. त्यात एक मालिका (ठरावीक नियमाने येणाऱ्या पदांची बेरीज-वजाबाकी) १/५ वर आणि दुसरी १/२३९ वर चालते. हे सूत्र कागदावर फार सोयीचे आहे. पहिल्या मालिकेची चार पदे घ्या: ३.२ वजा ०.०४२६६७, अधिक ०.००१०२४, वजा ०.००००२९. त्यातून दुसऱ्या मालिकेचे पहिले पद, म्हणजे ०.०१६७३६, वजा केले की ३.१४१५९ हाती येते. शिवाय पुढच्या पदासाठी १/५ च्या आधीच्या घाताला २५ ने भागायचे असते, म्हणजे चारने गुणून दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे सरकवायचे. एवढे तर शाळकरी मुलालाही जमेल.

मात्र ७०७ स्थळांसाठी पहिल्या मालिकेची सुमारे ५०० आणि दुसरीची सुमारे १५० पदे लागतात, आणि सुरुवातीचे प्रत्येक पद शेकडो अंकांचे असते. त्या रांगांत एखादे शून्य गळाले किंवा हातचा विसरला, तर बेरजेत तो दोष त्या स्थळापासून पुढे सर्वत्र पसरतो. माझ्या मते खरी मेख पुढे आहे. १८५३ च्या ६०७ अंकांपैकीही पहिले ५२७च बरोबर होते. म्हणजे वीस वर्षांनंतरची इमारत त्याच पायावर उभी राहिली. त्याच मांडणीचा ताळा त्याच माणसाने, त्याच सूत्राने पाहिला, तर जिथे नजर एकदा फसली तिथे ती पुन्हा फसण्याची शक्यता राहतेच. विल्यम रदरफर्ड यांनी १८५३ मध्ये स्वतंत्रपणे काढलेले अंक जुळले खरे, पण ते ४४० स्थळांवर थांबले होते. डी. एफ. फर्ग्युसन यांना १९४५ च्या सुमारास ही चूक सापडली ती वेगळे सूत्र घेतल्यामुळे. त्यांच्या तीन मालिका १/४, १/२० आणि १/१९८५ यांवर चालत होत्या, त्यामुळे शँक्स यांचा दोष त्यांच्या कागदावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

पाटीपेन्सिल
या चूकीचा सुगावा गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांना आधीच लागला होता ना? शँक्स यांच्या अंकांत ७ हा अंक फार कमी वेळा येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते.

दशांश
निरीक्षण खरे आहे, पण त्यावर रचलेली गोष्ट टिकत नाही. सुरुवातीचा ३ धरून होणाऱ्या ६०८ अंकांत प्रत्येक अंक सरासरीने ६१ वेळा यायला हवा; डी मॉर्गन यांना ७ केवळ ४४ वेळा आढळला. मात्र पायच्या पहिल्या ५०० बिनचूक अंकांतही ७ अवघा ३६ वेळा येतो, अपेक्षा ५० ची असताना. म्हणजे टंचाई मुख्यतः बरोबर भागातच आहे आणि ती निव्वळ योगायोगाची आहे. पहिल्या हजार अंकांत ७ ची संख्या ९५ पर्यंत सावरते.

जुना मास्तर
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण शँक्स म्हटले की लोक ५२८ एवढेच सांगून थांबतात. ५२७ बरोबर अंक हा विक्रम फर्ग्युसन यांच्यापर्यंत, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे, कोणीही मोडला नाही, हे आधी नोंदवतो. पॅरिसच्या ‘पाले द ला देकुव्हेर्त’ या विज्ञान संग्रहालयाने १९३७ मध्ये एका गोल दालनाच्या भिंतीवर त्यांचे सगळे ७०७ अंक लावले आणि १९४९ मध्ये ते दुरुस्त केले, हा किस्सा रंजक आहे. परंतु मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते.

१/७ चे दशांश रूप १४२८५७ या सहा अंकांच्या चक्रात फिरते, १/४१ चे ०२४३९ या पाचांच्या आणि १/१७ चे सोळा अंकांच्या. कोणत्या मूळ संख्येचे चक्र किती लांब, याचे कोष्टक शँक्स यांनी १,१०,००० पर्यंतच्या मूळ संख्यांसाठी केले. त्यासाठी सगळे अंक लिहून काढावे लागत नाहीत: चक्राची लांबी मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा विभाजकच असते, म्हणून तेवढे विभाजक तपासले की भागते. तरीही दहा हजारांहून अधिक मूळ संख्यांसाठी हे हाताने करायचे म्हणजे केवढी चिकाटी! आणि इथे एक उत्तर चुकले तरी शेजारच्या उत्तराला धक्का लागत नाही. पायच्या कामात त्यांना ही सवलत नव्हती.

अनुस्वार
आभार. मॅचिनच्या सूत्राने वीस स्थळांपर्यंत आज स्वतः करून पाहिले. सातव्या पदाशी हातचा विसरलो होतो आणि ताळा पाहतानाही तो निसटला; पुस्तकातले अंक शेजारी ठेवले तेव्हा कुठे तो सापडला.