मदत हवी आहे: घरात बॉल पायथन आहे, दुसरा साप कोणता घ्यावा? (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत गावभागात राहतो, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरी २०१६ पासून बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) आहे. मादी, वजन दीड किलोच्या आसपास, लांबी चार फुटांना थोडी कमी. २०२० साली केंद्र सरकारने परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायला मुदत दिली होती, तेव्हा केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर तिची नोंद केली. अशा प्राण्यांच्या नोंदणीचे २०२४ चे नियम आल्यावर पुन्हा नव्याने अर्ज भरला. हे आधीच सांगतो, कारण सापाचा विषय निघाला की पहिला प्रश्न कायद्याचा येतो आणि तो यायलाच हवा. आपल्याकडचा साप, मग नाग असो की धामण, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही. शिराळ्याच्या नागपंचमीचे जिवंत नाग न्यायालयाने बंद केले, तो सगळा काळ आम्ही इथे जवळून पाहिला आहे. त्यामुळे 'धामणच पाळा की' असा सल्ला कृपया देऊ नका.

दुसरा साप हवा आहे तो मुलीमुळे. ती सहावीत आहे, सापांची चित्रं काढते, वहीत प्रत्येक कातेची तारीख लिहून ठेवते. पायथन दिवसभर लपणात वेटोळं करून बसते आणि बाहेर येते रात्री दहानंतर, पोर झोपल्यावर. संध्याकाळी चढणारा, फिरणारा, काचेतून बघता येईल असा साप असावा असं तिला वाटतं. खरं सांगायचं तर मलाही वाटतं.

पण आमच्या घराची एक मोठी अडचण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमचा खालचा मजला बुडाला. पायथनला उशीच्या खोळीत घातलं, खोळीला गाठ मारली, ती भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन नावेतून बाहेर पडलो. पुढचे नऊ दिवस विट्याला मावसभावाकडे काढले. २०२१ ला पुन्हा तेच. म्हणून माझी पहिली अट अशी की दोन्ही साप एका माणसाला एका खेपेत नेता आले पाहिजेत. मोठा होणारा बोआ (अजगरासारखा जाड साप) त्यामुळे बादच.

आता मनात असलेले साप.

कॉर्न स्नेक: मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या तस्करासारखाच सडपातळ, बिनविषारी आणि चढणारा. तीन ते पाच फूट होतो, पंधरा-वीस वर्षं जगतो. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी चौकट असते, मुलगी त्यावरच भाळली आहे. उबदार बाजू २९-३० अंश आणि थंड बाजू २२ ते २४ अंश मिळाली की तो सुखी. माझी गाडी अडते ती थंड बाजूशीच. पायथनसाठी मी आठ वर्षं पेटी गरम ठेवायला शिकलो, थर्मोस्टॅट स्वतः बांधला. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळीसला टेकतो तेव्हा पेटी थंड कशी ठेवायची, हे मला येत नाही.

केनियन सँड बोआ: हवेच्या दृष्टीने आपल्या उन्हाळ्याला हाच जास्त सोसणारा. दोन-अडीच फुटांच्या पुढे सहसा जात नाही, पुरात खिशात मावेल म्हणा ना. पण दिवसभर भुशात गाडून घेतो, नुसते डोळे वर. मुलीला काय दाखवू? शिवाय पावसाळ्यात आमच्या जुन्या घराच्या भिंती ओल धरतात आणि त्याला कोरडं लागतं.

किंग स्नेक देखणा आहे, पण तो इतर साप खाणारा. पेट्या वेगळ्या असणारच, तरी एकदा झाकण नीट बसलं नाही तर काय, या विचाराने झोप लागणार नाही. हॉगनोज या अमेरिकेतल्या छोट्या सापाची पिल्लं उंदराला तोंड लावायला कधीकधी फार वेळ घेतात, निसर्गात ती बेडकांवर जगतात. तेवढा धीर आत्ता नाही.

तर विचारायचं असं: सांगली-साताऱ्याच्या उन्हात एसी न लावता कॉर्न स्नेक कुणी सांभाळला आहे का? आणि नवीन साप आल्यावर माझ्या पायथनला काही होऊ नये म्हणून काय काय पाळावं? तिला काही झालं तर ते मला सोसणार नाही.

प्रतिसाद – माळरान (सातारा)

दादा, मी सहा वर्षं कॉर्न सांभाळतो आहे, गोडोलीत. मार्च ते जून हीट मॅट (पेटी गरम ठेवणारी विजेची चटई) पूर्ण बंद ठेवतो. पेटी रॅकवरून उतरवून उत्तरेकडच्या खोलीत फरशीवर ठेवायची. वरच्या आणि खालच्या हवेत चांगला फरक पडतो, थर्मामीटरचा प्रोब खाली ठेवून बघा. दुपारी बारा ते पाच पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून झाकणाच्या एका कोपऱ्यावर ठेवतो, म्हणजे त्याला जागा निवडता येते. पेटी सलग बरेच दिवस ३२ च्या वर राहिली तर साप खाणं सोडतो, खाल्लेलं उलटून टाकतो. त्या महिन्यांत उंदीर लहान द्या आणि मधले दिवस वाढवा. तुमच्याकडे जुनं मातीचं घर असेल तर माझ्या स्लॅबपेक्षा तुमचं काम सोपं आहे. आणि झाकणाला क्लिपा लावा. पायथनला जमत नाही अशा फटीतून हा निघून जातो. माझा एकदा अकरा दिवस फ्रिजच्या मागे मोटरपाशी बसून होता.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

सँड बोआ घेणार असाल तर दोन गोष्टींचा विचार करा. एक, बोआमध्ये आयबीडी नावाचा विषाणूजन्य आजार असतो. बोआ वरून ठणठणीत दिसत वर्षानुवर्षं तो वागवू शकतो, पण पायथनला लागला तर मान वाकडी होणं, उलटं पडल्यावर सरळ न होता येणं अशी लक्षणं लवकर येतात आणि त्यावर औषध नाही. घरात पायथन असताना मी बोआ आणणार नाही. दुसरं, तो आपल्या दुरक्या घोणशीसारखा दिसतो. याच जातकुळीतल्या मांडुळाची तस्करी आपल्या भागात किती चालते ते तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याने बघून फोन केला तर कागद दाखवेपर्यंत घरात पोलीस. कागद तर लागतीलच, तो साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत परिवेशवर अर्ज करावा लागतो. कॉर्न त्या यादीत नाही. तरी बिल घ्याच, पिल्लू कुठे जन्मलं ते लिहून घ्या.

प्रतिसाद – धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आयबीडीचं मी वाचलं होतं, पण केवढ्याशा सँड बोआशी ते जोडून पाहिलं नव्हतं. तो विषय इथेच संपला.

क्वारंटाइनचं असं ठरवतो आहे, चुकत असेल तर सांगा. नव्या सापाला तीन महिने माडीवरच्या खोलीत, पायथन खाली. (पावसाळ्यात नाही आणणार, तेव्हा पायथनलाच वर न्यावं लागतं.) भुसा न घालता टिश्यू पेपर, म्हणजे गोचीड-माइट्स काळ्या ठिपक्यांसारखे लगेच दिसतात. चिमटा, पाण्याचं भांडं, फडकं सगळं वेगळं. आधी पायथनचं काम उरकायचं, मग वर जायचं, उलट कधीच नाही. मित्र साप पकडायला जातो तेव्हा मीही सोबत जातो, त्या कपड्यांनी आता घरात कुठल्याच पेटीजवळ जायचं नाही. उंदीर सध्या पुण्याहून गोठवलेले येतात, दुकानात वेगळा छोटा फ्रीझर आहे, त्यात लहान आकाराचे वाढवले की झालं.

प्रतिसाद – माळरान (सातारा)

बरोबर आहे. फक्त आत्ताच पिल्लू बुक करू नका. आधी रिकामी पेटी ठेवून पूर्ण मे महिना तापमान लिहून काढा.

प्रतिसाद – धागाकर्ता

हे आवडलं. माजघरात फरशीवर पेटी मांडली आहे, दोन प्रोब लावले आहेत. आज दुपारी तीन वाजता बाहेर ३९, पेटीच्या मागच्या कोपऱ्यात बाटली न ठेवता ३१. मुलीने वहीत नवीन पान काढलं आहे. रोजचे तीन आकडे तीच लिहिणार, महिना संपला की इथे टाकतो.