मदत हवी आहे: आइसलँड, आई आणि गरम पाणी

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन आइसलँडला जातोय, दादरहून. आईच्या डोक्यात गणेशपुरीची कुंडं, दिसलं पाणी की पाय सोडून बसायचं, तिला कसंबसं पटवलंय की गेसिरला झऱ्याचं पाणी ८० ते १०० अंश असतं, दोरीच्या आत जायचं नाही, आणि शेवाळावर तर पाऊलही नको, ते तुडवलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. ब्लू लगून या गरम पाण्याच्या तळ्याशेजारी २०२३ च्या डिसेंबरपासून बऱ्याचदा लाव्हा आलाय म्हणून ते कॅन्सलच (तसंही ते वीज केंद्रातून सोडलेलं पाणी!).

खरा प्रॉब्लेम वेगळाय. तिथल्या पब्लिक पूलमध्ये क्लोरीन कमी घालतात म्हणून आधी कपडे काढून साबणाने आंघोळ कंपल्सरी, तीही सगळ्या बायकांसमोर. रेक्याविकच्या कुठल्या पूलमध्ये पडदा किंवा आडोसा आहे का? कोणी आईला घेऊन गेलंय का?