राय व्हिस्कीच्या तीन बाटल्या: घरच्या घरी तुलना कशी करावी?

ओसरी (प्रश्न)

न्यू जर्सीतले आम्ही काही मित्र येत्या शनिवारी राय व्हिस्कीच्या (राय या धान्यापासून बनणाऱ्या) तीन बाटल्या शेजारी ठेवून चाखणार आहोत: रिटनहाउस बॉटल्ड-इन-बाँड, बुलेट राय आणि सॅझरॅक राय. पहिल्या दोन मी पूर्वी वेगवेगळ्या प्रसंगी घेतल्या आहेत. रिटनहाउस मला जवळजवळ मक्याच्या बर्बन व्हिस्कीसारखी गोडसर वाटली होती, तर बुलेटला शेपूचा वास येतो असे मी म्हटल्यावर सगळे हसले. दोन्हींवर राय असेच छापलेले असताना एवढा फरक का असावा, आणि तो नीट पारखायचा तर कोणती काळजी घ्यावी?

खडीसाखर

शेपूबद्दल हसणाऱ्यांना शनिवारी तोच ग्लास पुन्हा हुंगायला द्या, कारण बुलेटमध्ये शेपू आणि पुदिना जाणवतो असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अमेरिकी नियमानुसार राय म्हणवून घ्यायला धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के राय पुरते; उरलेल्या ४९ टक्क्यांत काय घालावे हे बनवणाऱ्याच्या हाती असते. रिटनहाउस केंटकी राज्याच्या रिवाजाप्रमाणे त्या किमान मर्यादेच्या आसपासच राहते आणि बाकीचा मोठा वाटा मक्याचा असतो, म्हणून तुम्हाला बर्बन आठवली. बुलेटमध्ये मात्र ९५ टक्के राय आणि ५ टक्के मोड आणलेली बार्ली असते. हे मिश्रण इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या ज्या डिस्टिलरीमुळे प्रसिद्ध झाले, ती आपला माल अनेक ब्रँडना विकत आली आहे. त्यामुळे दुकानात दोन निराळी लेबले पाहून दोन निराळ्या व्हिस्की घेतल्याचे समाधान मानण्याआधी मागच्या बाजूला इंडियानाचे नाव आहे का, ते जरूर पाहावे.

व्हॅनिला आणि कारमेल यांवर निकाल देऊ नका. राय व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरवावी लागते, त्यामुळे ते स्वाद तिन्हींत सापडणारच. खरा फरक त्यांच्या मागून येणाऱ्या मिरी, लवंग आणि हिरव्या पाल्यासारख्या वासांत आहे.

पाणक्या

धान्याइतकाच फरक मद्यार्काच्या प्रमाणामुळेही पडतो. १८९७ च्या बॉटल्ड-इन-बाँड कायद्यामुळे रिटनहाउस ५० टक्क्यांची आहे (त्याच कायद्यानुसार ती किमान चार वर्षे मुरलेली आणि एकाच डिस्टिलरीतल्या एकाच हंगामाची असावी लागते), तर उरलेल्या दोन्ही ४५ टक्क्यांच्या आहेत. जास्त तीव्र व्हिस्की तोंडात भरदार लागते आणि आपण ते श्रेय रायला देऊन मोकळे होतो. म्हणून प्रत्येक ग्लासात १५ मिलिलीटर घेऊन रिटनहाउसमध्ये सुमारे १.७ मिलिलीटर पाणी घालावे, म्हणजे तिन्ही एका पातळीवर येतील. लहान मुलांना औषध पाजायची सिरिंज या कामाला उत्तम.

ग्लास तोंडाशी निमुळते असावेत, बर्फ नसावा, आणि ओतणाऱ्याने ग्लासांच्या तळाशी खुणा करून मगच ते बाहेर आणावेत. चखणा शेवटी! चिवड्यातल्या मिरचीनंतर व्हिस्कीतली मिरी शोधणे व्यर्थ आहे. तोवर साधे पाणी आणि पावाचा तुकडा पुरे.

खडीसाखर

पाण्याबाबत मी अंशतः असहमत आहे. ५० टक्के हा रिटनहाउसच्या स्वभावाचाच भाग आहे, त्यामुळे तिन्ही व्हिस्की आधी बाटलीतून आल्या तशा चाखाव्यात, नोंदी लिहाव्यात, आणि मग दुसऱ्या फेरीत पातळी समान करावी. पहिल्या फेरीतली रिटनहाउस मात्र शेवटी घ्यावी, अन्यथा पुढचे दोन ग्लास उगाच मिळमिळीत वाटतील.

माझ्या मते तुमच्या तिघींतला खरा कुतूहलाचा विषय सॅझरॅक आहे. ती केंटकीतल्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीची असून तिच्या धान्यांचे प्रमाण जाहीर केलेले नाही. लेबल न पाहता ती मक्याकडे झुकते की रायकडे, हे प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे आणि सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कोणीही तोंड उघडू नये, कारण एकाने ‘शेपू’ म्हटले की सगळ्यांना शेपूच लागतो.

ओसरी

मनःपूर्वक आभार. दोन फेऱ्या आणि लेखी नोंदी असेच ठरवले आहे. एक मित्र टोरांटोहून कॅनडाची राय आणतो आहे. तीही याच ओळीत ठेवावी का?

पाणक्या

ओळीत ठेवू नका. कॅनडात कोणत्याही कॅनेडियन व्हिस्कीला राय म्हणण्याची परवानगी आहे आणि त्यासाठी रायचे किमान प्रमाण ठरलेले नाही. शिवाय तिथे वापरलेली पिंपेही चालतात. अल्बर्टा प्रीमियमसारखी १०० टक्के रायची बाटली आली तर गोष्ट वेगळी. मग ती बुलेटच्या शेजारी अवश्य ठेवा, फक्त तिच्या ४० टक्क्यांपर्यंत बुलेट उतरवायला १५ मिलिलीटरमागे जवळजवळ १.९ मिलिलीटर पाणी लागेल. दुसरी कोणतीही असल्यास चखण्याबरोबर उघडावी.